टोपीवरून बसणारा हेडफोन

“बंद करा! भानुदासराव, बंद करा हो ते! खाली माणसं राहतात, माणसं!”

वैद्यमास्तर अंगणात उभे राहून ओरडत होते. एका गालाला साबणाचा फेस, दुसरा गाल तुळतुळीत, हातात वस्तरा आणि हनुवटीवर रक्ताचा टपोरा थेंब. आमच्या रेडिओवर सकाळची सनई सुरू झाली तसा त्यांचा हात उडाला होता. चाळीस वर्षं संस्कृत शिकवताना या माणसानं वर्गात कधी खडूसुद्धा आपटला नाही, असं त्यांचे विद्यार्थी सांगायचे. आमच्या तीन वर्षांच्या सहवासात मात्र त्यांचा आवाज तमाशाच्या फडावर शोभेल इतका तयार झाला. उस्मानपुऱ्यातलं ते घर त्यांचं. खाली ते एकटे, वर दोन खोल्यांत आम्ही भाडेकरू: आई, मी आणि नाना, म्हणजे माझे वडील. नाना रेडिओसमोर खुर्ची टाकून, गुडघ्यांवर पंजे ठेवून, देवापुढं बसावं तसे बसले होते आणि मास्तरांच्या ओरडण्यातलं एक अक्षर त्यांच्यापर्यंत पोचत नव्हतं. रेडिओचा कान शेवटपर्यंत पिळलेला. खुंटीवरची पिशवी झुलत होती, फडताळातल्या कपबशा एकमेकींशी भांडत होत्या आणि खोटं कशाला सांगू, क्रांती चौकातले रिक्षावाले आमच्या रेडिओच्या बातम्यांवर आपली घड्याळं लावायचे. थोडं खोटं सांगते. पण थोडंच.

आई भाकरीचे हात तसेच घेऊन खिडकीत गेली. “व्हय मास्तर, करते बारीक,” म्हणाली आणि पिठाच्या बोटांनी रेडिओचा कान उलटा फिरवला. नानांनी मागं वळूनसुद्धा न बघता हात लांब केला आणि तो पुन्हा जागेवर आणला. “मिनमिनतोय लेकाचा,” ते म्हणाले. नाना म्हणाले म्हणजे गल्लीनं ऐकलं.

नानांचा कान ही काय चीज होती हे सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. कन्नडकडच्या एका साखर कारखान्यात ते फिटर होते. ऊस चिरडणारे हत्तीएवढे रोलर, त्यांची दातेरी चक्रं, त्यांची बेअरिंगं, यांच्यामध्ये त्यांची तीस वर्षं गेली. त्यांच्याजवळ हातभर लांब एक लोखंडी गज असायचा. गजाचं एक टोक चालत्या यंत्राला टेकवायचं, दुसरं कानामागच्या हाडाला, डोळे मिटायचे आणि यंत्राच्या पोटात कुठं दुखतंय ते सांगायचं. “हे सोमवारी जाणार,” नाना म्हणाले की ते सोमवारी जायचं. रविवारीच जायची वेळ आली तर कळ काढायचं, सोमवारपर्यंत थांबायचं, पण नानांचा शब्द खाली पडू द्यायचं नाही. पुण्याचे इंजिनियर कागद पसरून बसायचे आणि कागदावर काही सापडलं नाही की “त्या गजवाल्याला बोलवा” म्हणायचे. निजामावरच्या पोलीस ॲक्शनच्या वेळी नाना विशीतले. फौजेचे ट्रक घाट चढत होते आणि गावाला त्याचा पत्ताही नव्हता, तेव्हा नानांनी म्हणे जमिनीला कान लावून सांगितलं, “दहा ट्रक हायेत, आणि त्यातल्या एकाचं मागलं चाक ढिलं हाय.” ही गोष्ट स्वतः नानांनीच सांगितलेली. दरवर्षी ट्रक वाढायचे, ढिलं चाक मात्र एकच राहिलं. म्हणून मी ती खरी धरते.

पण एक गोष्ट मी माझ्या डोळ्यांनी पाहिलेली आहे. कारखान्याच्या वसाहतीतल्या घरात आई चुलीपुढं भाकऱ्या थापायची आणि नाना तिच्याकडं पाठ करून विड्या वळल्यासारखे कागदाच्या सुरळ्या करत बसायचे. पट् पट् पट् आवाज चालू असायचा आणि मध्येच नाना म्हणायचे, “ही चिरली.” आई रागानं भाकरी उचलून बघायची, तर कडेला नखाएवढी चीर. पुढं ती त्यांना चकवायला मुद्दाम थापण्याचा ठेका बदलायची. नाना हसायचे. भाकरी तव्यावर फुगून सुस्कारा सोडते तो आवाज त्यांना अंगणातून कळायचा आणि त्या सुस्काऱ्यावर ते हात धुवायला उठायचे. मी बारा वर्षांची असेपर्यंत आमच्याकडं जेवायला कुणी कुणाला हाक मारलेली मला आठवत नाही.

मग ज्या यंत्रांनी नाना घडवले त्यांनीच तो कान हळूहळू मागून घेतला. आधी भाकरीचा सुस्कारा गेला, मग दारावरची थाप गेली, मग माणसं गेली. नोकरी संपली आणि माझ्या कॉलेजसाठी आम्ही शहरात आलो तोवर त्यांना ओरडल्याशिवाय काही पोचत नव्हतं. आम्ही तेव्हा औरंगाबादच म्हणायचो. आता पत्ता लिहिताना नवं नाव लिहिते, पण नानांना हाक मारताना घसा जिथून फाटायचा ते गाव माझ्या तोंडात औरंगाबादच आहे. नानांचं स्वतःचं मत असं होतं की त्यांच्या कानाला काहीएक झालेलं नाही, जगच मिनमिनं झालंय. “ज्वारी खाणं सोडलं लोकांनी, आवाज कुठून येणार?” असं ते रेडिओवरच्या निवेदकांबद्दल कळकळीनं म्हणायचे. चारचौघांत बसले की दुसऱ्याला बोलूच द्यायचं नाही, हा त्यांचा हुकमी डाव. समोरच्यानं तोंड उघडलंच नाही, तर ऐकू आलं नाही हे कळणार कसं? एका पाहुण्यानं एकदा कानाच्या यंत्राचा विषय काढला. नाना त्याला म्हणाले, “कानात बटण लावून फिरायला मी काय सदरा हाय?” त्यानंतर वर्षभर त्याच्याशी बोलले नाहीत, आणि नाना न बोलणं म्हणजे काय शिक्षा असते ते त्या पाहुण्यालाच ठाऊक. घरात ‘बहिरा’ हा शब्द उच्चारायचा नाही, हा कायदा कुणी केला नव्हता. पण आई आणि मी तो सोवळ्यासारखा पाळायचो.

वस्तऱ्याच्या त्या सकाळी मी कॉलेजला निघाले तेव्हा मास्तर जिन्याच्या तळाशी उभे होते. त्यांनी माझ्या हातात एक कागद दिला. मोत्यासारखं अक्षर, एक अनुस्वार चुकलेला नाही. ‘आवाजाचा उपद्रव थांबत नसल्यास कृपया महिनाअखेर जागा रिकामी करावी.’ मास्तरांचे डोळे पाण्यानं भरले होते. “कमलताई, मला भानुदासरावांबद्दल आदरच आहे,” ते म्हणाले. “पण मला आता सनईचं भय वाटतं. माझ्या मुंजीतली सनईसुद्धा आठवली तरी अंगावर काटा येतो.”

मी परत वर जाऊन कागद आईला दाखवला. नाना तिथंच बसले होते, तरी आम्ही साध्या आवाजात बोललो. आमच्या घरात ही एक सोय होती. नानांशी प्रेमाचं बोलायचं ते ओरडून आणि त्यांच्याविरुद्ध कट रचायचा तो त्यांच्यासमोर बसून, निवांत.

“त्यांना सांगायचं नाय,” आई म्हणाली. “सांगितलं तर का, हे सांगावं लागंल.”

“मग?”

“मग तू शिकलेली हायस ना. काढ काहीतरी.” आणि तिनं तो कागद येसराच्या डब्यात घातला. येसर म्हणजे भाजलेली धान्यं आणि मसाला दळून केलेली आमटीची पूड. ती नाकात गेली की नानांना सात शिंका यायच्या, म्हणून घरातल्या सगळ्या डब्यांत तेवढ्याच एका डब्याला ते हात लावत नसत. पण कागद आत असेपर्यंत आईला तो डबा त्यांच्यासमोर उघडण्याचा धीर होईना आणि आमच्या ताटातली आमटी दिवसेंदिवस पाणचट होत गेली. “येसर संपलं का?” नानांनी दोनदा विचारलं. “व्हय!” आई ओरडली. खाली मास्तरांनाही कळलं की आमचं येसर संपलं.

मला सुचलं ते कॉलेजच्या समूहगानामुळं. आम्हा मुलींना एकदा रेडिओ केंद्रात गायला नेलं होतं. काचेपलीकडं एक गृहस्थ कानांवर दोन मोठ्या काळ्या वाट्या लावून बसला होता. त्याच्या बाजूला मुंगी चालली असती तरी ऐकू आली असती, इतकी शांतता आणि तो मात्र आमच्या गाण्यावर मान डोलावत होता. मला ते चित्र आठवलं आणि मी दोन्ही हातांनी कपाळ बडवलं. कानाचं यंत्र बहिऱ्याचं असतं, हेडफोन शौकिनाचा असतो! पण नानांसाठी म्हणून आणला तर तोही सदऱ्याचं बटणच ठरणार. तेव्हा तो माझा असायला हवा, आणि नानांना तो इतका आवडायला हवा की त्यांनी तो माझ्याकडून पळवावा. माझ्या शिकवण्यांतून साठलेले दीडशे रुपये होते. तेवढ्यात बसला तर हेडफोन, नाही तर गारखेड्याच्या बाजूला नवं घर आणि नवा मास्तर.

“नाना!” मी ओरडले. “इंग्रजीसाठी हेडफोन घ्यायचाय! रेडिओवर पाठ लागतात!”

“मग घे!”

“मला त्यातलं काय कळतं? तुमच्यासारखा कान कुणाचा हाय? तुम्हीच पारखून द्या!”

नाना उठले, टोपी झटकून डोक्यावर घातली आणि चपला पायात सरकवल्या. कंगवा घ्यायचा तर आठ दिवस बाजार पालथा घालणारा माणूस एका वाक्यावर दाराबाहेर! मी आईला डोळा मारला. खुशामतीसारखं तेल नाही, गंजलेलं दारसुद्धा न करकरता उघडतं, असं काहीतरी मी त्या दिवशी स्वतःशी म्हटल्याचं मला चांगलं आठवतं.

शहागंजच्या घड्याळाजवळ रिक्षातून उतरलो. मैत्रिणीनं सांगितलेल्या दुकानाचा पत्ता मी चिठ्ठीवर लिहून आणला होता. चिठ्ठी उलगडेपर्यंत नाना पुढं निघालेसुद्धा. अत्तरवाल्याच्या बाजूनं डावीकडं, बोळात, तंदुरीच्या भट्टीवरून उजवीकडं आणि थेट दुकानाच्या पायरीवर. मी मागून धापा टाकत पोचले. नाना असेच. त्यांना वाट लागत नाही, वाटेला नाना लागतात.

दुकान हमीदभाईंचं. रेडिओ, टेप, पंखे दुरुस्त करायचे आणि विकायचेही. मेंदीनं रंगवलेली दाढी, काडीसारखी अंगकाठी आणि डोळ्यांत असा शांतपणा की विजेचा झटका बसला तरी आधी सलाम करतील. आम्हाला बघताच त्यांनी काउंटरमागचं स्टूल बाहेर काढून पुसलं, नानांपुढं ठेवलं आणि समोरच्या हॉटेलाकडं तोंड करून ओरडले, “तीन चाय! एक फीकी!” बिनसाखरेचा कप बरोबर नानांसमोर आला. तीस वर्षं साखरेच्या कारखान्यात काढल्यावर नाना चहात साखर घेत नसत, पण ते हमीदभाईंना कसं कळलं? मी मनात म्हटलं, कीर्ती! कन्नडच्या गजवाल्या फिटरचं नाव सगळ्या मराठवाड्यात पसरलंय, आपल्यालाच घरी किंमत नाही.

“हेडफोन दाखवा!” मी सवयीनं ओरडले. बोळातल्या दोन शेळ्या उठून उभ्या राहिल्या. “दीडशेच्या आत!”

हमीदभाईंनी काचेच्या कपाटातून तीन काढले आणि नानांची परीक्षा सुरू झाली. ती परीक्षा आठवली की मला आजही वाटतं, लग्नाला मुलगा पारखताना आमच्या माणसांनी निम्मी तरी हुशारी दाखवायला हवी होती. आधी त्यांनी एकेक हेडफोन बैलाच्या जुवासारखा हातात तोलला. “जू जड असलं तर बैल ओढतो,” ते म्हणाले. “पण एका अंगाला जड असलं तर बैल मोडतो.” मग डोक्यावरची पट्टी वाकवून सोडली आणि परत येताना ती कुरकुरते का ते बोटांनी पाहिलं. मग कानाच्या गाद्या अंगठ्यानं दाबल्या. मग तो माझ्या डोक्यावर चढवला आणि हमीदभाईंच्या भिंतीवरच्या घड्याळाकडं बोट केलं. “चहा संपंस्तोवर काढायचा नाय. चप्पल दुकानात सगळ्यांनाच बसती, वेशीपोतर चालून बघावं लागतं.”

पहिला झगमगीत, रुपेरी, परदेशी वळणाचा. चहा अर्धा व्हायच्या आत माझ्या कुड्यांची मळसूत्रं मानेत घुसतात की काय असं झालं. “टोचतो!” मी म्हणाले. नानांनी तो ताबडतोब बाजूला ठेवला. दुसऱ्याची गादी कानावर न बसता कानाला चिमटा काढायची. तिसरा मऊ होता, हलका होता, माझ्या वेणीवर बेतून केल्यासारखा बसला. नाना खूश. अडकले मी. कारण तो नानांच्या डोक्याला सात जन्मांत बसला नसता आणि मला तो नको म्हणायला कारण सापडेना.

“आता आवाज,” नाना म्हणाले.

हमीदभाईंनी गाण्याची कॅसेट उचलली. नानांनी हात आडवा केला. “गाणं नको. गाणं लबाड असतं. गाणाराचा गळा गोड असला की माणूस यंत्राला माफ करतं.” त्यांनी टेपला माईक जोडायला लावला. वर फिरणारा पंखा भरून घ्यायचा, तो जाड आवाज. मग चमच्यानं बशी वाजवायची, तो बारीक. आणि मधला आवाज कमळीचा, ती काहीतरी वाचंल. हातात आलेल्या जुन्या वर्तमानपत्राच्या तुकड्यावरून मी एका हरवलेल्या म्हशीची जाहिरात वाचली: कपाळावर पांढरा चांद, डावं शिंग वाकडं, स्वभावानं गरीब. “हे तिघं भाऊ,” नाना सांगू लागले आणि हमीदभाई शिष्यासारखे हात बांधून ऐकू लागले. “थोरला, मधला, धाकला. एका ताटात जेवायला बसवायचे. कुणी कुणाच्या घासाला हात घालायचा नाय, ती वस्तू चांगली.”

आजही मला चांगल्या आवाजाची याहून नेमकी व्याख्या कुणी सांगितलेली नाही. नातू हल्ली कानात शेंगदाण्याएवढं काहीतरी खुपसून फिरतो आणि त्याचे गुण सांगताना अर्धा तास आकडे म्हणतो. मी त्याला एवढंच विचारते, धाकला जेवला का रे?

तिसऱ्या हेडफोनात थोरल्यानं सगळं ताट पुसून खाल्लं होतं. पंखा नुसता गर्जत होता, बशी उपाशी आणि माझी म्हैस कुठं विहिरीत पडल्यासारखी. नानांनी टोपीवरून कशीबशी एक वाटी कानाला दाबून ऐकलं आणि मान हलवली. मी सुटकेचा श्वास टाकला. तेव्हा हमीदभाई खाली वाकले आणि काउंटरच्या पोटातून कागदात गुंडाळलेला एक हेडफोन काढला. तपकिरी, कुरूप, गाद्या कापडी, पट्टी जाडजूड. लग्नात मागच्या रांगेत बसवतात त्या चुलत्यासारखा. किंमतही आमच्या ऐपतीतली.

चहाचा आख्खा कप संपेपर्यंत तो माझ्या डोक्यावर बसला आणि मी विसरले की तो आहे. कुड्या टोचल्या नाहीत, वेणी ओढली गेली नाही. “आता तुम्ही बघा!” मी म्हणाले आणि तिथंच फसले. कारण नानांच्या डोक्यावर टोपी होती. आमच्याकडं बाप्या माणसानं चारचौघांत टोपी उतरवायची ती घरात कुणी गेल्यावर, डोकं भादरायला. परक्याच्या दुकानात तर नावच नको. मी काही बोलणार तेवढ्यात हमीदभाईंनी पट्टी शेवटच्या खाचेपर्यंत ओढली, म्हणाले, “रहने दो बाजी, टोपी पे से बैठता ये,” आणि तो नानांच्या टोपीवरून, मुकुट चढवावा तसा, अलगद बसवला. टेप सुरू केला.

नाना हलले नाहीत. एकदा ऐकलं. बोटानं खूण केली, पुन्हा लावा. पुन्हा ऐकलं. तिसऱ्यांदा त्यांचे ओठ हलू लागले: कपाळावर पांढरा चांद, डावं शिंग वाकडं. बोळातून हातगाड्या चालल्या होत्या, तंदुरीवर कुणीतरी रोटी आपटत होतं, आणि माझे नाना डोळे मिटून, कानामागच्या हाडावर दोन बोटं ठेवून बसले होते. तसेच, गज लावून बसायचे तसे.

“तुझा आवाज कधी बदलला गं?” त्यांनी विचारलं.

इतकं हळू नानांना बोलता येतं हे मला माहीत नव्हतं. त्यांच्या कानात माझा होता तो बारा वर्षांच्या पोरीचा आवाज. पुढची सात वर्षं मी त्यांच्याशी नुसती ओरडत होते आणि ओरडणाऱ्या माणसाला आवाज नसतो. माझ्या तोंडून जे बाहेर पडलं ते अस्सल आमच्या घरातलं होतं.

“पडसं झालंय, नाना!” मी ओरडले.

“मग काढा घे,” ते म्हणाले आणि हेडफोन उतरवून गाद्यांवरून अंगठा फिरवला. मग वर बघितलं. “पंख्याचं मागलं बेअरिंग चाललंय. शुक्रवारपोतर टिकंल.” हमीदभाईंनी मान वर करून पंख्याकडं पाहिलं. पंखा लोण्यासारखा फिरत होता. शुक्रवारी दुपारी तो थांबला. मंगळवारी थांबला असता तरी मी शुक्रवारच सांगितला असता, पण देवाशपथ, शुक्रवारीच थांबला.

घरी आल्यावर नानांनी हेडफोन माझ्या हातात दिला. “घे, अभ्यास कर.” आणि माझी सगळी हुशारी तिथं अडकली. कारण पिन रेडिओत घातली की रेडिओ गप्प. माझ्या कानात कुणी बाई इंग्रजीतून आगगाडीची चौकशी करत होती आणि नाना मुक्या रेडिओसमोर गुडघ्यांवर पंजे ठेवून बसले होते. “तुम्ही ऐका की!” म्हटलं तर म्हणाले, “पोरीच्या अभ्यासाची वस्तू हाय, मी कशाला हात लावू?” एक दिवस गेला, दोन दिवस गेले. आगगाडी सुटत नव्हती, नाना हलत नव्हते आणि महिना संपत आला होता. आई ताटात पाणचट आमटी वाढता वाढता माझ्याकडं अशी बघायची की ती आमटी मीच केली असावी.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळच्या बातम्यांना पाच मिनिटं असताना मी हेडफोन काढला आणि ओरडले, “नाना, डाव्या वाटीत खरखर येतीय! जरा तपासता का?”

“आण बरं,” नाना म्हणाले. टोपी नीट केली, पट्टी शेवटच्या खाचेला ओढली आणि तपासायला बसले. बातम्या तपासल्या, बाजारभाव तपासले, शेतकऱ्यांचा कार्यक्रम तपासला, भजनं तपासली. जेवायच्या वेळेला काढून म्हणाले, “नक्की सांगता येत नाय. उद्या अजून बघावं लागंल.” ही तपासणी पुढं अकरा वर्षं चालली. माझं लग्न होऊन मी सासरी गेले तेव्हा नानांनी हेडफोन माझ्या सामानात घालायला काढला होता. “खरखर गेली का?” मी विचारलं. “नाय अजून,” ते म्हणाले. “मग राहू द्या,” मी म्हणाले.

पहिल्या आठवड्यात घर इतकं शांत झालं की आम्हाला भीती वाटायला लागली. फोडणीतली मोहरी तडतडली की आई दचकायची. आठव्या दिवशी वैद्यमास्तर जिना चढून आले, तीन वर्षांत पहिल्यांदाच. दोन्ही गाल तुळतुळीत. उंबऱ्यात उभे राहून धोतराच्या निऱ्या चाचपत राहिले. “तो कागद, कमलताई… तो आपण फाडून टाकावा.” मग खाकरले. “आणि एक विचारायचं होतं. बातम्यांत काल काय सांगितलं? नाही म्हणजे, माझ्याकडं रेडिओ नाही. कधी गरज पडली नव्हती.”

त्या दिवसापासून संध्याकाळी मास्तर वर येऊन बसायचे. नाना बातम्या ऐकायचे आणि ऐकता ऐकता मोठ्यानं सांगायचे, सगळ्या गल्लीला पुरतील अशा. मास्तर म्हणाले, हे मूळ रेडिओपेक्षा थोडं मोठं आहे, पण यात मायेचा ओलावा आहे. आईनं येसराचा डबा सगळ्यांसमोर उघडला, कागद काढून चुलीत टाकला आणि मूठभर येसर आमटीत सोडलं. नानांना सात शिंका आल्या. मी मोजल्या.

त्या सगळ्याचं श्रेय माझं, अशी माझी खात्री होती. पावसाळा संपता संपता उजव्या वाटीचं कापड उसवलं तेव्हा ते बदलून घ्यायला मी एकटीच शहागंजला गेले आणि हमीदभाईंना मोठ्या अभिमानानं सगळी हकिगत सांगितली: बापाला कळूही न देता त्याच्याच पायांनी दुकानात कसा आणला, अभ्यासाची थाप कशी मारली, खरखर कशी शोधून काढली. नवा पंखा डोक्यावर फिरत होता. हमीदभाई जुनी गादी सोडवत सगळं ऐकून घेत होते. मी थांबले तेव्हा त्यांनी नवी गादी बसवली, फुंकर मारून धूळ उडवली आणि हेडफोन माझ्यापुढं सरकवला.

“उनो पहलेच तीन दफे आ के गए थे, बाजी,” ते म्हणाले. “ये भूरावाला उनोच अलग रखवा के गए. घर में बोलना नक्को बोले.”